शेव आणि समुद्रगरुड

भिगवणच्या एका नावाड्यावर मी एकदा चांगलीच डाफरले होते. डिसेंबरातली सकाळ होती. कुंभारगावच्या काठावरून नाव निघाली, रोहित पक्ष्यांचा थवा अजून बराच लांब, पाण्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखा. मध्येच कुरव डोक्यावर घिरट्या घालायला लागले. नावाड्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून शेवेचा पुडा काढला.

"ताई, टाकू का? पार डोक्यावर येत्यात. फोटू झकास येतुय."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "तळलेलं खाऊन मरायचेत ते. आणि एकदा आयती सवय लागली की स्वतः शोधून खायचं विसरतील. पक्ष्यांना भिकारी करून ठेवलंय तुम्ही."

बिचारा गप्प झाला. पुडा पिशवीत गेला. शेजारच्या नावेतले लोक मूठ-मूठ शेव उधळत होते आणि त्यांच्यावर कुरवांचं छतच धरलं गेलं होतं. मी मान ताठ ठेवून लांबचे रोहित टिपत राहिले. त्या दिवशीचे माझे फोटो यथातथाच आले, हेही सांगून टाकते.

हे सगळं परत आठवायचं कारण होक्काइडो.

स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हाच ठरवलं होतं, फंडातला एक तुकडा फक्त पक्ष्यांसाठी. जपानच्या उत्तर टोकाच्या या बेटावर हिवाळ्यात काय काय येतं याचे फोटो गेली दहा वर्षं बघून बघून डोळे शिणले होते. बर्फात नाचणारे तांचो करकोचे. समुद्रावर तरंगत आलेल्या हिमखंडांवर बसलेले गरुड. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढे पैसे घालून जपानला जायचं आणि बगळे बघायचे? मग उजनी काय वाईट आहे?"

"करकोचे," मी म्हटलं. "बगळे नाही."

"मान लांब आहे ना? झालं तर."

त्याला घरीच ठेवलं. आम्ही आठ जण निघालो, सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे आणि लेन्स मात्र एकापेक्षा एक दांडग्या. विमानात हातातल्या सामानाला 7 किलोची मर्यादा. नुसती कॅमेरा-लेन्सची जोडीच चार किलोच्या आसपास भरते. काउंटरपाशी माझं जॅकेट गरोदर बाईसारखं दिसत होतं आणि आत पोटाशी 150-600 ची लेन्स होती. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि दोघींनीही विषय काढला नाही.

कुशिरोच्या विमानतळाला तांचोचंच नाव दिलेलं आहे, त्यामुळे उतरल्या उतरल्या पाटीवर करकोचा. तिथून गाडीने पाऊण तासावर त्सुरुई नावाचं गाव. त्सुरु म्हणजे करकोचा. त्सुरुई म्हणजे जिथे करकोचे असतात ते. दुधाचा धंदा असलेलं गाव, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गोठे, सायलोचे मनोरे, पांढरी शेतं आणि निर्मनुष्य रस्ते.

पहाटे साडेचारला आम्ही ओतोवा पुलावर पोचलो, तेव्हा कठड्याला ट्रायपॉडची रांग आधीच लागलेली होती. उणे 19. हा आकडा वाचून काही कळत नाही. नाकातले केस ताठ होऊन टोचायला लागतात तेव्हा कळतं. पापण्या मिटल्या की क्षणभर चिकटतात. रात्री पूर्ण चार्ज केलेली बॅटरी कॅमेऱ्यात घातली की एक कांडी दाखवते. काढून बनियनच्या आत छातीशी ठेवली की दहा मिनिटांत परत जिवंत होते. मी अख्खी सकाळ दोन बॅटऱ्यांची अशी अदलाबदल करत होते, एक अंगावर आणि एक कामावर.

शेजारी एक जपानी आजोबा होते. त्यांनी लेन्सच्या पुढच्या तोंडाभोवती लोकरीचा पायमोजा चढवला होता आणि त्यात काइरो खोचले होते. काइरो म्हणजे लोखंडाच्या पुडीची छोटी पुरचुंडी. वेष्टन फोडून हवा लागू दिली की तापते आणि तासन् तास ऊब देते. लोक ती खिशात ठेवतात. आजोबांनी ती लेन्सला दिली होती, काचेवर दव गोठू नये म्हणून. माझी काच तोवर आंधळी झाली होती. मी बूट काढून एक पायमोजा उतरवला तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि स्वतःजवळचे दोन काइरो पुढे केले. त्यापुढचे तीन तास माझा उजवा पाय एका मोज्यावर होता, पण काच स्वच्छ होती.

खाली सेत्सुरी नदी. तिला झऱ्यांचं पाणी आहे, म्हणून एवढ्या थंडीतही ती गोठत नाही. हवा उणे 19 आणि पाणी शून्याच्या वर, त्यामुळे नदी चुलीवर ठेवल्यासारखी वाफाळते. या वाफेला तिकडे केअराशी म्हणतात. ती वाफ काठावरच्या झाडांवर जाऊन बसते आणि गोठते, म्हणून डहाळी-डहाळी पांढरी. या वाफेच्या आत, घोटाभर पाण्यात, करकोचे एका पायावर झोपलेले असतात. पाण्यात झोपायचं कारण कोल्हा. तो येणार तर पाण्यातून येणार आणि चुबूक आवाज होणार.

सहा-सव्वासहाला उजाडलं. वाफ आधी निळी होती, मग जांभळट, मग अचानक मागून ऊन आलं आणि सगळी नदी केशरी झाली. पुलावर शटरांचा कडकडाट. पक्षी मात्र ढिम्म. पंखांत खुपसलेली डोकी बाहेर यायला आठ वाजले. आमच्या सोसायटीतले पेन्शनर याहून लवकर उठतात.

तांचो जवळून बघितल्यावर माझ्या डोक्यातलं त्याचं चित्र दोन ठिकाणी दुरुस्त करावं लागलं. तान म्हणजे लाल आणि चो म्हणजे माथा; पण तो माथा लाल पिसांचा नाही. ती उघडी कातडी आहे, बारीक दाणेदार, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. पक्षी चिडला किंवा रंगात आला की ती जास्त पसरलेली दिसते. दुसरं, त्याची काळी शेपटी ही शेपटी नव्हेच. ती पंखांची आतली काळी पिसं, पंख मिटल्यावर मागे लोंबतात. उडाला की कळतं, खरी शेपूट शुभ्र आहे. दहा वर्षं फोटो बघून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि जोडीची हाक. नर आणि मादी शेजारी उभे राहतात, चोची आकाशाकडे करतात, तो एकदा ओरडतो आणि त्यावर ती दोनदा. ऐकायला एकच सलग आवाज वाटतो. थंडीत या हाकेला आकार येतो: चोचीतून वाफेचा झोत निघतो, मागून ऊन असेल तर सोन्याच्या धुरासारखा, आधी एक मोठा आणि मग दोन छोटे. माझ्याकडे त्याची एक फ्रेम आहे. बर्फ थोडा जळलाय, कारण पांढऱ्यावर पांढरा पक्षी टिपताना कॅमेरा सगळं राखाडी करायला बघतो म्हणून मी उजेड एक स्टॉप वाढवला होता, तो जास्तच झाला. पण तीन झोत स्पष्ट आहेत.

नऊच्या सुमाराला पक्षी उडाले आणि त्यांच्यामागून आम्ही. ते जिथे उतरले ते तांचो अभयारण्य म्हणजे कुंपणापलीकडचं एक बर्फाळ शेत. दीड-दोनशे करकोचे. काही नाचत होते: पंख पसरून उडी, मान वाकवून नमस्कार, चोचीने काडी उचलून हवेत फेकायची. मी अगदी तल्लीन झाले होते. तेवढ्यात शेडमधून एक माणूस बादली घेऊन आला. शेतात चालत गेला आणि मक्याचे दाणे टाकायला लागला. मूठ-मूठ.

माझ्या पोटात काहीतरी हललं. शेवेचा पुडा!

पण मक्याची गोष्ट एवढी सोपी नाही. हे करकोचे एकेकाळी जपानभर होते. एकोणिसाव्या शतकात बेसुमार शिकार झाली, दलदली आटवून शेतं काढली, आणि पक्षी संपले असंच लोक धरून चालले. 1924 मध्ये कुशिरोच्या पाणथळीत थोडेसे, विसेक, शिल्लक असल्याचं कळलं. संरक्षण मिळालं तरी आकडा हलेना. हिवाळ्यात दलदल गोठली की त्यांना खायला काही नसायचं. 1950 च्या सुमाराच्या कडाक्याच्या थंडीत उपाशी करकोचे शेतांपाशी यायला लागले आणि शेतकऱ्यांनी त्यांना मका टाकला. 1952 ची गणती आहे: 33 पक्षी. त्यानंतर दर हिवाळ्यात मका. त्सुरुईत इतो नावाचे एक शेतकरी आपल्या रानात दाणे टाकायचे. त्याच जागी 1987 मध्ये जपानच्या पक्षी संघटनेने हे अभयारण्य केलं आणि त्यांचं नाव त्याला दिलं. आज होक्काइडोत 1,800 च्या वर करकोचे आहेत. पुलावर मी ज्यांच्यासाठी एका मोज्यावर उभी होते, त्यांतला प्रत्येक त्या मुठींच्या जिवावर जन्मलेला आहे.

आता मात्र सरकारच हा मका हळूहळू कमी करतंय. तीन-चार जागी एवढे पक्षी दाटीने राहिले तर एखादी साथ, बर्ड फ्लूसारखी, सगळ्यांना एकदम घेऊन जाईल. शिवाय माणसाची भीड चेपलेले करकोचे गोठ्यात शिरून गुरांचा मुरघास खातात, विजेच्या तारांवर आणि गाड्यांवर आपटतात. ज्यांच्या आजोबांनी दाणे टाकले त्यांची नातवंडं आता करकोच्यांना गोठ्यातून हुसकतात. मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे सुनेला हेच म्हणतात, घरचीच आहेस, आणि मग म्हणतात, सारखी घरातच कशी असतेस.

तर मक्याबद्दल माझं मन साफ झालं. जगवण्यासाठी घालणं वेगळं आणि फोटोसाठी घालणं वेगळं. शेव ती शेव आणि मका तो मका. ही विभागणी मला इतकी पटली की मी ती गाडीत सगळ्यांना ऐकवलीसुद्धा. ती पुढे दोन दिवस टिकली.

मधला एक दिवस कुश्शारो सरोवरावर गेला. तिथे काठच्या वाळूखालून गरम पाणी येतं, तेवढा पट्टा गोठत नाही आणि त्यात हूपर हंस बसलेले असतात, चुलीपाशी मांजर बसावं तसे. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मी शेंगदाण्याची चटणी आणि दशमी खाल्ली आणि एक हंस माझ्या दशमीकडे बघत होता. दिली नाही.

मग रौसु. शिरेतोको द्वीपकल्पाच्या पूर्व अंगाला चिकटलेलं मच्छीमारांचं गाव. 2005 पासून हे द्वीपकल्प जागतिक वारसा आहे. ओखोत्स्कच्या समुद्रात तयार होणारा तरंगता बर्फ फेब्रुवारीत वाऱ्याबरोबर या गावासमोरच्या सामुद्रधुनीत येतो. पहाटे पाचला बोट सुटली. अंधार, डिझेलचा वास, आणि बोटीच्या बुडाला बर्फ घासल्याचा आवाज, कुणीतरी दात खात असल्यासारखा. समोर कुनाशिर बेटाची काळी रेघ. ते रशियाच्या ताब्यात आहे आणि जपान ते आपलं म्हणतो. सूर्य त्याच्यामागून उगवतो.

उजेड वाढला तसे बर्फावरचे काळे ठिपके गरुड झाले. पांढऱ्या शेपटीचे गरुड होतेच, पण आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तो स्टेलरचा समुद्रगरुड. 1741 मध्ये बेरिंगच्या मोहिमेवर गेलेल्या जर्मन निसर्गअभ्यासकाचं हे नाव. जपानी लोक त्याला नुसतं ओ-वाशी म्हणतात, थोरला गरुड. कामचात्का आणि आसपासच्या रशियन किनाऱ्यावर त्याची घरटी; हिवाळ्याला तो इकडे येतो. मादी 9 किलोपर्यंत भरते, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सव्वादोन-अडीच मीटर. काळं अंग, पांढरे खांदे, आणि चोच हळदीच्या वाटीत बुडवून काढल्यासारखी. अशी चोच मी दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याची बघितलेली नाही. चेहऱ्याच्या मानाने एक नंबर मोठी.

सूर्य वर आला आणि बोटीवरच्या पोराने निळ्या बादलीचं झाकण काढलं.

आत मासे होते. त्याने पहिला मासा बर्फावर भिरकावला आणि सगळीकडून एकदम गरुड उठले. पंखांचा आवाज येतो, ओली सतरंजी झटकल्यासारखा. माझ्या डोक्यात त्या क्षणी मका नव्हता, शेव नव्हती, काही नव्हतं. सेकंदाला वीस फ्रेम. दोन तासांत मी 2,300 फोटो काढले. मधे एकदा त्या पोराने मासा उजवीकडे टाकला, सावलीच्या बाजूला, तेव्हा मी ओरडले, "अरे इकडे टाक ना, इकडे! उजेड इकडे आहे!" शुद्ध मराठीत. त्याला काय कळणार, पण माझा हात कळला. पुढचा मासा त्याने डावीकडे टाकला, आणि गरुड थेट उन्हातून माझ्यावर चालून आला.

हाच तो फोटो. दिवाणखान्यात लावलाय.

रात्री गरम पाण्याच्या कुंडातून बाहेर आल्यावर खोलीत एकटीच फोटो चाळत होते, आणि तेव्हा ते "इकडे टाक ना" कानात परत वाजलं. सबबी पुष्कळ होत्या आणि मी त्या सगळ्या वापरल्या. मासा हे गरुडाचंच अन्न आहे, शेव कुरवाचं नाही. हे गरुड इथे जमले तेही माणसामुळेच: रौसुत पोलॉक माशाची मासेमारी जोरात होती तेव्हा जाळ्यांतून सांडलेल्या माशांवर ते शेकड्यांनी यायचे. पुढे पोलॉक कमी झाला आणि बोटीवाल्यांना हिवाळ्यात गरुडच बरे पडायला लागले. आमच्या पैशांवर गावातल्या बोटी चालतात. शिवाय, बोटीने नाही टाकले तरी गरुडांना मेलेली हरणं आहेतच, आणि त्यांचा इतिहास जास्त वाईट: शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्या लागलेलं मांस खाऊन कितीतरी गरुड विषबाधेने मेले, म्हणून होक्काइडोने हरणांच्या शिकारीसाठी शिशाची गोळी बंद केली. त्यापेक्षा बादलीतला मासा बरा.

सगळं खरं आहे. पण यातलं काहीच मला बोटीवर आठवलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री आम्ही मत्स्यघुबड बघायला गेलो. जगातलं सगळ्यात मोठं घुबड. होक्काइडोत ती जेमतेम दोनशेच्या घरात असतील. ऐनु, म्हणजे होक्काइडोचे मूळ रहिवासी, त्याला कोतान-कोर-कामुय म्हणतात, गावाची राखण करणारा देव. एका सरायच्या खिडकीपाशी बसायचं, समोर ओढ्यात दगड रचून केलेलं डबकं, डबक्यात सोडलेले मासे, वर दिवे. रात्री अकराला देव आला. डबक्याच्या काठावर उतरला, आत बघितलं, वाकून एक मासा उचलला, आणि आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी इतका वेळ बघत राहिला की आमच्यातल्या एकाने नकळत हात जोडले. मी फोटो काढले. नाही काढले असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं.

परत आल्यावर गरुडाचा फोटो ग्रुपवर टाकला. "काय शिकार!" "अप्रतिम क्षण!" "धीर लागतो हो अशा क्षणासाठी." मी सगळ्यांना अंगठे दिले. बोटीची कड खालच्या कोपऱ्यात दिसत होती ती आधीच कापली होती.

गेल्या डिसेंबरात भिगवणला गेले. नावाडी तोच. त्याने मला ओळखलं, मी त्याला. सकाळ थंड होती, पट्टकदंब बदकांची एक रांग वरून गेली, नाव संथ चालली होती. गप्पा काढायच्या म्हणून मी मोबाइलवर त्याला जपानचे फोटो दाखवले. करकोच्यांचं त्याला विशेष काही वाटलं नाही. गरुडापाशी मात्र थांबला. बोटांनी फोटो मोठा केला. मला वाटलं चोच बघतोय. तो मासा बघत होता.

"ताई, ह्यो तर मेल्याला मासा हाय."

"कशावरून?"

"जित्ता मासा पंजात वळतुय. ह्यो बघा, काठीवानी सरळ. डोळा बी पांढरा पडलाय." मोबाइल परत देत त्याने विचारलं, "टाकला व्हय कुणी?"

"हो. बोटीवरून."

तो काही बोलला नाही. चार-पाच वेळा वल्हं पाण्यात पडलं. मग म्हणाला, "किती घेत्यात तिकडं, एका मान्साचं?"

मी येनचे रुपये करून आकडा सांगितला. वल्हं थांबलं.

"आन् मासा त्यांचाच?"

"त्यांचाच."

"परवडतंय मंग," तो म्हणाला आणि नाव रोहितांच्या दिशेने वळवली. तेवढ्यात कुरव आले. डोक्यावर घिरट्या घालायला लागले. पिशवी त्याच्या पायाशी होती, पुड्याचं टोक बाहेर दिसत होतं. त्याने ती उघडली नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लांबचे रोहित शोधत राहिले.